अंदमान: बेटावर चार रात्री नुसतं पडून राहायचंय, खिशाला परवडेल असं हॉटेल सुचवा

साडेसातची_लोकल
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी मी, नवरा आणि सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत) अंदमानला जायचं ठरवतोय. एका ट्रॅव्हलवाल्याने सहा दिवसांचा जो कागद हातात ठेवला त्यात एकोणीस ठिकाणं आहेत. रोज सकाळी साडेसातला तयार राहायचं. अहो, साडेसातला तयार तर मी वर्षभर डोंबिवली स्टेशनवर असतेच!

मला काहीही बघायचं नाही. बेट हवं, किनारा हवा, उठल्यावर समुद्राचा आवाज आणि हातात चहा. मुक्कामाला रात्री तीन हजारांपर्यंत, फार तर साडेतीन. एसी नसला तरी चालेल, बाथरूम मात्र स्वच्छ आणि खोलीला लागून हवं. बेट कोणतं, हॅवलॉक की नील? नेटवर सगळीच हॉटेलं 'बीच फ्रंट' आणि सगळ्यांच्या फोटोत तेच निळं पाणी. डोकं चालेना म्हणून हा धागा.

परतीचं_तिकीट
हॅवलॉक. डोळे मिटून. राधानगरसारखा किनारा भारतात दुसरा नाही. 'टाइम'ने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं, ते उगाच नाही.

चिडका_बिब्बा
अंदमानला विमानाला जेवढे घालवणार तेवढ्यात देवबागला आठवडाभर राहाल, वर माशाचं ताट. सासूबाईंना गाडीतून उतरवलं की खोली. बघा बुवा.

साडेसातची_लोकल
बिब्बाजी, देवबागला तीनदा झालंय. आणि सासूबाईंची अट आहे: सेल्युलर जेल बघितल्याशिवाय डोळे मिटणार नाही म्हणतात. सावरकरांची कोठडी बघायची आहे. त्यामुळे अंदमानच.

परदेशी_पोहे
थायलंड स्वस्त पडेल, गंमत नाही करत.

साडेसातची_लोकल
पासपोर्ट नाही हो त्यांचा.

कोळंबीभात
ताई, आमची फजिती सांगतो, तुमचे पैसे वाचतील.

तीन वर्षांपूर्वी हॅवलॉकला पाच नंबरच्या किनाऱ्यावर, म्हणजे विजयनगरला, समुद्राकडे तोंड असलेली झोपडी घेतली. रात्रीला साडेपाच हजार. बजेटच्या बाहेर होतं, पण बायको म्हणाली एकदाच जायचंय. फोटोत झोपडीच्या पायरीपासून दहा पावलांवर पाणी. आम्ही सकाळच्या बोटीने गेलो, जेवलो, ताणून दिली. चारच्या सुमारास मुलं पोहायचे कपडे घालून बाहेर पळाली आणि लगेच परत आली. "बाबा, समुद्र नाहीये."

खरंच नव्हता. लांब, अगदी लांब एक निळी रेघ. मधे नुसते खडक, मेलेली प्रवाळं, डबक्यांत अडकलेले बोटभर मासे. एक होडी कुशीवर कलंडून पडलेली, तिचा नांगराचा दोर चिखलात. मी शहाणपणा करून पाण्यापर्यंत चालत निघालो आणि तळपाय कापून घेतला. उरलेले दोन दिवस पट्टी बांधून झोपाळ्यात. हॉटेलवाल्याला विचारलं तर म्हणाला, "सर, लो टाइड है, सुबह आ जाएगा." खोटं बोलला असं नाही म्हणणार. फोटो भरतीचा होता, एवढंच.

परतीचं_तिकीट
म्हणून तर राधानगर म्हणतोय. तिथे असं होत नाही.

वेंगुर्लेकर_आबा
कोळंबीभात, तुम्ही गेलात तेव्हा तिथी कोणती होती?

कोळंबीभात
आबा, तिथी कोण बघतं! पण रात्री चंद्र मोठा होता. पौर्णिमा नुकतीच झालेली असावी.

वेंगुर्लेकर_आबा
तरी म्हटलं. ते उधाणाचे दिवस. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती जेवढी वर चढते, तेवढीच ओहोटी लांब जाते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग. तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. हे साऱ्या जगात सारखं, चंद्र काही बेटागणिक वेगळा नाही.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा, तो अंदमानात लावू नका. प्रत्येक बंदराची वेळ निराळी असते. तिथला भरती-ओहोटीचा तक्ता नेटवर मिळतो, तो बघा. पण तारखा ठरवायच्या आधी कालनिर्णय उघडा आणि मुक्काम अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे बसवा. हॉटेल नंतर शोधा.

अनुस्वार
+१. धाग्याची वाचनखूण साठवली.

ब्लेअरवासी
उशिरा आलो, पण सविस्तर लिहितो. नोकरीनिमित्त सहा वर्षं इथे आहे. मूळ मिरजेचा. (पोर्ट ब्लेअर शहराचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, हॅवलॉक आणि नील २०१८ अखेरीपासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप. तिकिटावर कधी हे, कधी ते दिसतं, गोंधळू नका. आयडी बदलायचा कंटाळा आलाय.)

इथे हॉटेल निवडायचं म्हणजे आधी बेटाची बाजू निवडायची. 'बीच फ्रंट' या शब्दाने काहीच कळत नाही.

हॅवलॉकची पूर्व बाजू, म्हणजे तीन नंबर गोविंदनगर, पाच नंबर विजयनगर आणि पुढे काळापत्थर. स्वस्त आणि मध्यम मुक्काम जवळजवळ सगळे इकडे. नारळी-पोफळीच्या बागांत बांबूच्या झोपड्या, एखाद्या कोकणी वाडीत उतरल्यासारखं वाटतं. सूर्योदय समोर. पण समुद्र उथळ आणि तळाला प्रवाळ, त्यामुळे कोळंबीभातांचं झालं तेच होतं. उधाणाच्या दिवसांत इकडे ओहोटी साधारण दुपारी तीन-चारच्या आसपास तळाला जाते, म्हणजे नेमकी माणसं झोपून उठतात तेव्हा. सकाळी नऊ-दहाला तेच पाणी पायरीशी असतं. फोटो तेव्हाच काढतात, आणि का काढू नयेत?

पश्चिम बाजूला सात नंबर राधानगर. वाळूचा उतार, खडक नाहीत, ओहोटीतही पोहता येतं, सूर्यास्त समोर. २०२० मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं मानांकन) मिळाला, कपडे बदलायला जागा आहे, जीवरक्षक असतात. पण किनाऱ्यालगत मुक्काम मोजके आणि त्यातले बरेचसे महाग. जेट्टीपासून बारा किलोमीटर. तुमच्या बजेटात राहायचं पूर्वेला आणि दुपारी बसने किंवा स्कूटरने राधानगरला जायचं, हा सगळ्यांचा मार्ग. आजींना रोज ते जमेल का, ते तुम्ही ठरवा. एक सूचना: राधानगरच्या उजव्या टोकाला नील्स कोव्ह नावाची खाडी आहे. २०१० मध्ये तिथे मगरीने एका पर्यटक महिलेचा जीव घेतला होता. जिथे पाटी असेल तिथे पाण्यात उतरायचं नाही, मग पाणी कितीही गोड दिसो.

आता नील. बेट एवढंसं की सायकलवर अर्ध्या दिवसात संपतं. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं. किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, वस्तीचं नाव रामनगर, म्हणजे आजींना पत्ते पाठ करायला नकोत. अंदमानची भाजी इथे पिकते. भरतपूर जेट्टीला चिकटून आहे, पाणी सुंदर, पण सकाळभर काचेच्या तळाच्या होड्या आणि जेट-स्कीची घरघर. निवांतपणा हवा तर तिथे खोली घेऊ नका. सीतापूरला सूर्योदय छान, पण लाटा जोरात. लक्ष्मणपूर संध्याकाळचा किनारा. पाणी तिथेही मागे जातं आणि वाळूत प्रवाळाचे तुकडे आहेत, पण गर्दी नाही आणि आत पाच-सात मिनिटांवर गावकऱ्यांच्या छोट्या खोल्या मिळतात.

मी तुमच्या जागी असतो तर समुद्र दिसणाऱ्या खोलीचे पैसे वाचवले असते. समुद्र दिसला की दोन हजारांचे चार होतात. आणि खोलीत बसून समुद्र किती वेळ बघणार? जानेवारीत इथे साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. घड्याळ तुमचं, ऊन बर्म्याचं. सहाला मिट्ट काळोख, त्यात 'सी व्ह्यू' काय दिसणार.

साडेसातची_लोकल
ब्लेअरवासी दादा, शतशः आभार! हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. कालनिर्णय काढलं. आम्ही ठरवलेल्या तारखा बरोब्बर पौर्णिमेला लागून! तिकिटं अजून काढलेली नाहीत, आठवडाभर अलीकडे घेतेय. आबा, तुम्हालाही नमस्कार सांगितलाय सासूबाईंनी. "बघ, पंचांग कामाला आलं" असं दोनदा ऐकवून झालं.

फोनवर हॉटेलवाल्याला काय काय विचारू?

ब्लेअरवासी
पहिलं: झोपडी जमिनीवर आहे की खांबांवर? बऱ्याच झोपड्या उंच असतात आणि शिडीवजा जिना असतो. गुडघ्यांचं काम आहे म्हणून सांगतो.

दुसरं, वीज. बेटांवर वीज मुख्यतः डिझेलवर, ती जाते. "जनरेटर आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "रात्री दोनला लाइट गेली तर पंखा चालतो का" असं विचारा.

पाणी जानेवारीत ठीक असतं, मार्च-एप्रिलला ओरड सुरू होते. गरम पाणी बादलीने येतं की नळाने, तेही विचारून घ्या. आणि ओहोटीचा प्रश्न सरळ टाका: "दुपारी चारला आई पाण्यात पाय बुडवून बसू शकेल का?" खरं बोलणारा क्षणभर गप्प होतो. त्याच्याकडे खोली घ्या.

मीठभाकर
हा हा, शेवटचं वाक्य भारी.

मी एक जोडते. बुकिंगच्या साइटवर मालकाने टाकलेले फोटो बाजूला ठेवा, पाहुण्यांनी टाकलेले बघा. शिवाय नकाशात उपग्रहाचं चित्र मोठं करा. किनाऱ्यालगत तपकिरी-करडा पट्टा दिसला की तो खडक समजायचा, पांढरा दिसला की वाळू. मी असंच निवडते आणि सहसा फसत नाही. साइटवर किंमत बघून हॉटेलला थेट फोन केला तर कधी कधी दोन-तीनशे कमी होतात, न झाले तर जास्तीची गादी तरी फुकट मिळते.

परतीचं_तिकीट
नीलला तीन रात्री कंटाळा येईल. संध्याकाळी सहानंतर करणार काय?

साडेसातची_लोकल
झोपणार!

चिडका_बिब्बा
जेवणाचं काय? शाकाहारी आहात का? सगळं मोहरीच्या तेलात असतं म्हणे.

ब्लेअरवासी
बंगाली स्वयंपाकी आहेत, त्यामुळे मोहरीचं तेल खरंच. आधी सांगितलं तर साध्या तेलात करून देतात. मासे खाणार असाल तर मजा आहे, सुरमई आणि तांबोशी ताजी मिळते. नीलच्या बाजारात भात, डाळ, दोन भाज्यांचं ताट स्वस्तात होतं. स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, रात्रीचं जेवण दुपारीच सांगून ठेवा. शहाळ्याला इथे 'डाब' म्हणतात.

रोख पैसे न्या. एटीएम आहेत, पण त्यांचा मूड असतो. फोनचं बरं आहे आता, २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली तेव्हापासून. आधी एक फोटो पाठवायला रात्र जायची.

अनुस्वार
बोटींचं कुणीतरी लिहा. सरकारी की खासगी?

कोळंबीभात
खासगी कॅटामरान दीड तासात हॅवलॉकला नेते, एसी, बंद काचा. सरकारी बोट अर्ध्याहून कमी पैशांत, वेळ जास्त, पण बाहेर उभं राहून वारा खाता येतो. ज्यांना बोट लागते त्यांना बंद काचांपेक्षा वारा बरा. सरकारी तिकीट मिळायला नशीब लागतं.

ब्लेअरवासी
बेटवाल्यांना सरकारी बोटीत प्राधान्य असतं आणि ते योग्यच आहे, त्यांची ती एसटी आहे. तुम्ही आजींसाठी खासगी धरा, तिथे दोन पैसे जाऊ देत.

महत्त्वाचं: शेवटची रात्र बेटावर काढू नका, शहरात काढा. हवा बिघडली की बोटी बंद. २०१६ च्या डिसेंबरात वादळामुळे हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले होते, शेवटी नौदलाच्या जहाजांनी बाहेर काढलं. जानेवारीत तसं सहसा होत नाही, पण विमान चुकवण्याइतका समुद्र कधीही खवळू शकतो. जेल त्याच दिवशी बघा, संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रमही होईल. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, गुडघ्यांना आधी कल्पना द्या.

आणि शंख-शिंपले उचलून आणू नका. विमानतळावर सामान तपासतात तेव्हा काढून घेतात, वर प्रकरण वाढू शकतं.

साडेसातची_लोकल
ठरलं! नील तीन रात्री, शहरात एक. लक्ष्मणपूरच्या आत एका बंगाली कुटुंबाची खोली, जमिनीवर, २२०० रुपये, जास्तीच्या गादीचे ४००. समुद्र दिसत नाही. मी चारच्या ओहोटीचा प्रश्न विचारला. खरंच गप्प झाला! मग म्हणाला, "दीदी, कुर्सी रख देंगे पानी में."

मीठभाकर
आल्यावर लिहा हं. लोक सल्ले घेतात आणि गायब होतात.

साडेसातची_लोकल
आले. मीठभाकर, हे घ्या.

बोटीत नवऱ्याला उलट्या. गोळी मी त्यांच्या हातात दिली होती, ती खिशातच राहिली. सासूबाई मात्र खिडकीशी बसून लाह्या खात होत्या. नीलची जेट्टी लांबलचक आहे, हे कुणी लिहिलं नव्हतं! उन्हात सामान ओढत जायचं. आजी-आजोबांना नेणाऱ्यांनी ते लक्षात ठेवा, सकाळची बोट घ्या.

खोली साधी, समोर वांग्यांचा वाफा. खरंच वांगी! लाइट पहिल्याच रात्री गेली. इन्व्हर्टर होता, पण तो मालकांच्या खोलीपुरता, असं तेव्हा कळलं. दीड तास वहीने वारा घेत बसलो. सकाळी बोलले तर मालकांच्या लेकाने त्यांचा चार्जिंगचा पंखा आणून दिला आणि परत जाईपर्यंत नेला नाही. पहाटे साडेचारला कोंबडा. समुद्राचा आवाज म्हणाल तर खोलीत अजिबात नाही. वाळूमाश्या आहेत, संध्याकाळी पाय झाकून बसा, मला अजून खाज येतेय.

पण आबा, तिथीचं गणित अगदी बसलं. पाणी मागे गेलं, पण हाकेच्या अंतरावर. मालकांच्या लेकाने खरंच प्लास्टिकची खुर्ची आणून पाण्यात ठेवली. सासूबाई नऊवारीचा काचा वर खोचून घोटाभर पाण्यात बसल्या. पंधरा मिनिटं बसतील म्हटलं होतं. तीन दिवस रोज दुपारी तीन ते सूर्य बुडेपर्यंत तिथेच. जपाची माळ हातात, आणि माळ थांबलेली. पाणी हळूहळू चढायचं आणि खुर्चीचे पाय वाळूत रुतत जायचे, इतके की शेवटी खुर्ची उपटायला मी आणि नवरा दोघं लागायचो. दुसऱ्या दिवशी लेकाने खुर्चीखाली फळी टाकली. त्या म्हणाल्या, "काढ ती, रुतलेलं बरं वाटतं."

भांगेचे दिवस असल्यामुळे एक गेलं, ते लिहून ठेवते: नॅचरल ब्रिज नावाची खडकाची कमान आहे, तिथे ओहोटी चांगली मोठी लागते. आम्ही गेलो तेव्हा पाणी पुरेसं उतरलं नाही, लांबूनच बघितली. मला वाईट नाही वाटलं, पण ज्यांना ती बघायची आहे त्यांनी उधाणाचेच दिवस धरा.

मुक्काम, जेवण धरून तिघांचे बेटावर तीन दिवसांत साडेअकरा हजार झाले. जेलमध्ये त्या वरच्या मजल्यापर्यंत चढल्या. मधे चार वेळा थांबून.

वेंगुर्लेकर_आबा
छान. माळ थांबलेली, हे आवडलं.

चिडका_बिब्बा
वांग्यांचं भरीत मिळालं का?

साडेसातची_लोकल
मिळालं की! मोहरीच्या तेलातलं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात शिरून आपलं शिकवलं.

परतीचं_तिकीट
राधानगर बघितलंच नाही म्हणजे. असो. हॉटेलचं नाव?

साडेसातची_लोकल
चारच खोल्या आहेत हो त्यांच्याकडे, इथे लिहिलं तर पुढच्या वर्षी मलाच मिळायची नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

अनुस्वार
मलाही व्यनि करा.

कोळंबीभात
मलाही.

चिडका_बिब्बा
मलाही करून ठेवा. जाणार नाही, पण असू द्या.